नकाशा नाही, क्रोनोमीटर नाही; गाठी मारलेल्या दोरीवर समुद्र मोजत १८ जणांची होडी किनाऱ्याला लावणारा कॅप्टन ब्लाय

तारीख होती २८ एप्रिल १७८९. पॅसिफिक महासागरात टोंगा बेटांजवळ, सूर्य उगवायच्या आत एका जहाजाच्या कॅप्टनला त्याच्याच माणसांनी झोपेतून उठवलं. हात मागं बांधले आणि अंगावरच्या नाईट शर्टवरच डेकवर आणून उभं केलं. काही तासांत तो आणि त्याच्या बाजूची १८ माणसं एका २३ फुटी उघड्या होडीत होती आणि जहाज त्यांच्यापासून लांब चाललं होतं.

जहाजाचं नाव बाउंटी, कॅप्टनचं नाव विल्यम ब्लाय.

या बंडावर हॉलिवूडनं १९३५, १९६२ आणि १९८४ असे तीन मोठे सिनेमे काढले. पहिल्या दोन्हींत ब्लाय म्हणजे चाबूक घेऊन फिरणारा खलनायक आणि त्याच्याविरुद्ध उभा राहणारा देखणा तरुण हीरो, असा सरळ मामला. त्यामुळं बंडाची गोष्ट जगाला पाठ आहे. त्यानंतरच्या ४७ दिवसांत त्या होडीत काय झालं, हे मात्र फार कमी लोकांना माहिती असतं.

प्रवास संपला तेव्हा ब्लायनं एक आकडा लिहून ठेवला, ३६१८ सागरी मैल. म्हणजे जवळपास ६७०० किलोमीटर. मुंबईहून लंडनचं सरळ अंतर साधारण ७२०० किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या.

आता प्रश्न असा पडतो की हा आकडा आला कुठून? भर समुद्रात मैलाचे दगड नसतात. जीपीएस तर पुढची जवळपास दोनशे वर्षं येणार नव्हतं. मग उघड्या होडीत बसून यानं समुद्र मोजला तरी कसा?

गाडीला मीटर असतो, जहाजाला दोरी होती

त्या काळात जहाजाचा वेग मोजायला एक साधं साधन वापरायचे, त्याचं नाव लॉग. अगदी सुरुवातीला जहाजाच्या पुढच्या टोकावरून लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचे आणि जहाज त्याला मागं टाकायला किती वेळ घेतं ते बघायचे. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका, नाव तिथूनच आलं. मग कुणीतरी त्या लाकडाला दोरी बांधली. इंग्लंडच्या विल्यम बॉर्ननं १५७४ साली छापलेल्या पुस्तकात या दोरीच्या लॉगचं वर्णन आहे.

ब्लायच्या काळापर्यंत त्याचं रूप पक्कं झालं होतं. वर्तुळाचा चौथा भाग असावा तशी एक फळी. तिच्या गोल कडेला शिसं ठोकलेलं, म्हणजे पाण्यात फळी उभी राहणार. फळीच्या तीन कोपऱ्यांना दोऱ्या आणि त्या पुढं एका लांब दोरीला जोडलेल्या. त्या लांब दोरीवर ठराविक अंतरावर गाठी.

हे काम तिघांचं. एकानं दोरीचं रीळ धरायचं, दुसऱ्यानं फळी जहाजाच्या मागं पाण्यात सोडायची, तिसऱ्यानं वाळूचं घड्याळ सांभाळायचं. फळी पाण्यात जागच्या जागी उभी राहते, जहाज पुढं जातं आणि दोरी सरसर सुटायला लागते. थोडी दोरी अशीच जाऊ देतात, म्हणजे फळी जहाजामागच्या खळबळत्या पाण्यातून बाहेर पडते. मग दोरीवरची खुणेची चिंधी हातातून गेली की घड्याळ उलटं करायचं. वाळू संपली की दोरी घट्ट धरायची. तेवढ्या वेळात हातातून जितक्या गाठी गेल्या, तितका जहाजाचा वेग.

गाठ म्हणजे इंग्रजीत नॉट. आजही चक्रीवादळ आलं की हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये वाऱ्याचा वेग नॉटमध्ये दिलेला असतो. तो नॉट म्हणजे याच दोरीवरची गाठ.

गणित सोपं आहे. वाळूचं घड्याळ साधारण २८ सेकंदांचं असायचं. २८ सेकंद हा तासाचा जितका भाग, सागरी मैलाचा तितकाच भाग दोन गाठींमध्ये ठेवायचा. हे अंतर येतं साधारण १४.४ मीटर. मग घड्याळ संपेपर्यंत पाच गाठी गेल्या, तर वेग तासाला पाच मैल. गुणाकार नाही, भागाकार नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या खलाशालाही जमेल असं काम.

दर तासाला हे मोजायचं आणि वहीत लिहायचं. त्या वहीला लॉगबुक म्हणू लागले. तुम्ही रोज सकाळी ऑफिसात जे लॉगिन करता आणि ज्याला ब्लॉग म्हणता, त्या शब्दांची मुळंही याच ओंडक्यापर्यंत जातात.

तासातासाचा वेग आणि होकायंत्रावरची दिशा हाताशी असली की काल दुपारी आपण कुठं होतो त्यावरून आज कुठं आहोत हे काढता येतं. याला म्हणतात डेड रेकनिंग. पण यात एक मोठी गोची आहे. फळी पाण्यावर उभी असते, समुद्राच्या तळावर नाही. खालचं सगळं पाणीच प्रवाहात सरकत असेल तर दोरीला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय दोरी भिजून ताणते, वारा जहाजाला आडवं ढकलतो. प्रत्येक तासाची छोटीशी चूक वहीत साठत जाते.

अशा साठत जाणाऱ्या चुकांवर सतत नजर ठेवायची, हेच ब्लायचं शिक्षण होतं.

कुकनं निवडलेला २१ वर्षांचा पोरगा

ब्लायचा जन्म ९ सप्टेंबर १७५४ चा. वयाच्या सातव्या वर्षीच त्याचं नाव नौदलाच्या एका जहाजाच्या पटावर चढलं. अशी नावं लावून घ्यायची तेव्हा पद्धतच होती, म्हणजे पुढं नोकरीची वर्षं मोजताना फायदा. १७७० मध्ये तो साधा खलाशी म्हणून जहाजावर चढला आणि पुढच्या वर्षी मिडशिपमन झाला.

१७७६ मध्ये त्याचं नशीब उघडलं. कॅप्टन जेम्स कुक तिसऱ्या सफरीवर निघाला होता आणि रेझोल्यूशन या जहाजाचा मास्टर म्हणून त्यानं ब्लायला निवडलं. मास्टर म्हणजे जहाज कुठं आहे आणि कुठं न्यायचं याचा सगळा हिशोब ज्याच्या डोक्यावर असतो तो माणूस. ब्लायचं वय होतं २१. ज्या माणसानं पॅसिफिकचे नकाशे काढले, त्याच्या हाताखाली किनारे मोजायचे, खोली तपासायची, लॉग लिहायचा. यापेक्षा मोठं कॉलेज त्या काळात कुठंच नव्हतं.

१४ फेब्रुवारी १७७९ ला हवाईमध्ये झालेल्या झटापटीत कुक मारला गेला. जहाजं १७८० मध्ये इंग्लंडला परतली आणि सफरीचा अधिकृत ग्रंथ छापून आला तेव्हा नकाशांचं श्रेय हेन्री रॉबर्ट्स नावाच्या दुसऱ्याच माणसाला मिळालेलं. ब्लाय भडकला. स्वतःच्या प्रतीच्या समासात त्यानं रागारागानं शेरे लिहून ठेवले. आपण केलेल्या मोजमापावर दुसऱ्याचं नाव, हे त्याला आयुष्यभर सलत राहिलं.

इथंच त्याच्या स्वभावाचा दुसरा भागही दिसतो. काम चोख, पण जिभेला हाड नाही. चूक दिसली की समोरच्याचा चारचौघांत पाणउतारा.

नीरफणसासाठी निघालेलं जहाज

कोकणात आणि गोव्यात ज्याचे काप रव्यात घोळून तव्यावर खरपूस भाजतात तो नीरफणस तुम्हाला माहिती असेल. बाउंटीची सफर निघाली ती या फळाच्या रोपांसाठी.

वेस्ट इंडीजमधल्या इंग्रज मळेवाल्यांकडं उसाच्या शेतात राबायला आफ्रिकेतून आणलेले हजारो गुलाम होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तिकडून येणारं धान्य थांबलं, त्यात वादळं झाली आणि जमैकासारख्या बेटांवर उपासमार झाली. मळेवाल्यांना गुलामांसाठी स्वस्त अन्न हवं होतं. ताहितीत नीरफणस झाडाला लगडतो, तो इकडं लावा, अशी कल्पना निघाली. कुकच्या पहिल्या सफरीवर गेलेला वनस्पतीतज्ज्ञ जोसेफ बँक्स त्यामागं होता. सिनेमांत ताहितीचे किनारे भरपूर दिसतात. जहाज कुणाच्या भाकरीसाठी आणि का निघालं होतं, ही बाजू त्यात मागंच पडते.

ब्लाय २३ डिसेंबर १७८७ ला इंग्लंडहून निघाला. केप हॉर्नच्या वादळात महिनाभर झुंजला, शेवटी जहाज उलटं वळवून आफ्रिकेच्या टोकाकडून गेला आणि २६ ऑक्टोबर १७८८ ला ताहितीला पोचला. रोपं रुजेपर्यंत पाच महिने मुक्काम पडला. खलाशांनी तिथं संसार मांडले, काहींनी अंगावर गोंदवून घेतलं. ४ एप्रिल १७८९ ला १०१५ रोपं घेऊन जहाज सुटलं, तेव्हा बऱ्याच जणांचा जीव किनाऱ्यावरच राहिला होता.

ब्लाय चाबकाचा फार शौकीन होता, हे सिनेमाचं म्हणणं नोंदींशी जुळत नाही. त्याच्या जहाजावर फटक्यांची शिक्षा त्या काळाच्या मानानं कमीच होती. पण त्याचे शब्द चाबकापेक्षा लागायचे. २७ एप्रिलला डेकवरचे नारळ कमी भरले म्हणून त्यानं सगळ्यांसमोर चोरीचा आळ घेतला, त्यात त्याचा जुना सहकारी फ्लेचर ख्रिश्चनही आला. दुसऱ्या दिवशी पहाटे ब्लायच्या खोलीत हत्यार घेऊन शिरलेल्यांच्या पुढं तोच होता. वय २४.

वीतभर पाण्यावर १९ माणसं

होडी २३ फूट लांब, रुंदी जेमतेम सात फूट. १९ माणसं आणि सामान भरल्यावर तिची कड पाण्यापासून वीतभरच वर राहिली. बरोबर काय होतं? सुमारे ६८ किलो कडक बिस्किटं, १४-१५ किलो डुकराचं मांस, थोडी रम, सहा बाटल्या वाईन आणि शंभरएक लिटर पाणी. एक होकायंत्र, सूर्याची उंची मोजायचं एक साधन, काही तक्ते, सुताराची पेटी आणि चार तलवारी. बंदूक एकही नाही.

ब्लायनं आयुष्यात काढलेले नकाशे जहाजावरच राहिले. आणि राहिलं के-२.

के-२ हे लार्कम केंडल नावाच्या कारागिरानं बनवलेलं क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावरही अचूक चालणारं घड्याळ. उत्तर-दक्षिण आपण कुठं आहोत, म्हणजे अक्षांश, हे दुपारचा सूर्य किती वर आलाय त्यावरून कळतं. पूर्व-पश्चिमचं, म्हणजे रेखांशाचं तसं नाही. त्यासाठी इंग्लंडमध्ये आत्ता किती वाजलेत हे माहिती हवं. घड्याळ चार मिनिटं चुकलं तर रेखांश एक अंशानं चुकतो आणि विषुववृत्तावर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. अशी घड्याळं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बंडखोरांनी ते ब्लायला नेऊ दिलं नाही.

आधी ते जवळच्या टोफुआ बेटावर अन्नपाण्यासाठी उतरले. बरोबर बंदुका नाहीत हे बेटावरच्या लोकांच्या लक्षात आलं आणि दगडफेक सुरू झाली. होडीची दोरी सोडायला किनाऱ्यावर परत धावलेला जॉन नॉर्टन तिथंच मारला गेला. राहिले १८.

यानंतर वाटेत कुठल्याही बेटावर भरवसा ठेवायचा नाही असं ठरलं. सरळ टिमोर गाठायचं, तिथं डचांची वसाहत होती. अंतर ३६०० मैलांच्या घरात. ब्लायनं प्रत्येकाकडून कबुली घेतली की दिवसाला साधारण २८ ग्रॅम बिस्किट आणि चहाच्या कपाएवढं पाणी, यावर कुणी कुरकुर करणार नाही.

पहिले दोन-तीन दिवस होडीचा वेग नुसत्या अंदाजानं धरला जात होता. ब्लायला ते चालणारं नव्हतं. ५ मेपर्यंत त्यानं एक लॉगची दोरी मापून तयार करून घेतली. आता दोरी आली, पण वाळूचं घड्याळ? ते नव्हतं. मग त्यानं माणसांना सेकंद मोजायला शिकवलं. तोंडानं. एकसारख्या लयीत, घाई न करता, पुन्हा पुन्हा. सरावानं काही जणांची मोजणी बऱ्यापैकी अचूक व्हायला लागली आणि भुकेनं, थंडीनं कुडकुडणारी ही माणसंच होडीचं वाळूचं घड्याळ झाली.

विचार करा, कपडे ओले, मागून लाटा आत येतायत, निम्मी माणसं पाणी उपसतायत आणि त्यात एक जण दोरी सोडतोय, दुसरा सेकंद मोजतोय. एखाद्या तासाला कंटाळा केला असता तर लगेच कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मग आपण नेमके कुठं आहोत हे कळायचा रस्ता बंद झाला असता. आणि ते कळत नसेल तर बिस्किटं किती दिवस पुरवायची हे तरी कसं ठरवणार?

कारण या होडीत अंतर आणि अन्न हा एकच हिशोब होता. मैल किती राहिले त्यावर दिवस ठरायचे आणि दिवसांवर घास. अन्न मोजण्यासाठी ब्लायनं नारळाच्या दोन करवंट्यांचा तराजू केला. वजन म्हणून होडीत सापडलेली पिस्तुलाची गोळी. २५ गोळ्या म्हणजे एक पौंड, म्हणजे एक गोळी साधारण १८ ग्रॅम. एका वेळेला एका गोळीच्या भाराचं बिस्किट. गारठा असह्य झाला की चमचाभर रम.

कधी एखादा समुद्रपक्षी हाताला लागायचा. मग चोच, पाय, आतडी सगळ्यासकट १८ वाटे. वाटणीवरून भांडण होऊ नये म्हणून खलाशांची जुनी रीत वापरायचे. एकानं पाठ फिरवून उभं राहायचं, दुसऱ्यानं एकेका वाट्यावर बोट ठेवून हा कुणाला असं विचारायचं आणि पाठमोऱ्यानं नाव सांगायचं. पक्ष्याचं रक्त सगळ्यात अशक्त माणसाला.

फिजीच्या बेटांमधून जाताना होड्यांनी त्यांचा पाठलाग केला, वल्ही मारून ते कसेबसे सुटले. आणि हा गृहस्थ तशातही बेटांची चित्रं काढून त्यांची जागा टिपत होता. फिजीतल्या एका समुद्रपट्ट्याला आजही ब्लाय वॉटर म्हणतात.

मे महिन्यात पावसानं झोडपलं. त्यानं तहान भागली, पण अंगावरचं कापड वाळेना. ब्लायनं सांगितलं, कपडे समुद्राच्या पाण्यात बुडवून पिळा आणि घाला. ऐकायला विचित्र वाटतं, पण पावसाच्या पाण्यापेक्षा समुद्राचं पाणी उबदार लागायचं.

२८ मेच्या रात्री पुढं लाटा फुटल्याचा आवाज आला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगतचा ग्रेट बॅरियर रीफ. आता ब्लायच्या हिशोबाची खरी परीक्षा होती, कारण रीफ चुकीच्या वेळी समोर आला असता तर अंधारात होडीच्या चिंधड्या उडाल्या असत्या. हा पट्टा जवळ आलाय हे त्यानं हिशोबावरून आधीच धरलं होतं. दुसऱ्या दिवशी खिंड सापडली आणि ते आतल्या शांत पाण्यात शिरले. तिथल्या एका बेटावर उतरून कालवं खाल्ली, झोपले. त्या बेटाला नाव दिलं रेस्टोरेशन आयलंड.

पोटात अन्न गेल्यावर भांडणंही परत आली. एका बेटावर सुतार विल्यम पर्सेल उलट बोलला तेव्हा ब्लायनं तलवार उपसली आणि त्यालाही दुसरी उचलायला सांगितलं. सुतारानं माघार घेतली म्हणून निभावलं. माणसांना वाचवणारा आणि माणसांवर तलवार काढणारा ब्लाय एकाच होडीत होता, हे सांगायलाच हवं.

जूनच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट गेली. तोफखान्याच्या प्रमुखाकडं एक साधं खिशातलं घड्याळ होतं, त्यावर दिवसाची वेळ धरत होते. ते बंद पडलं. आता वेळ सांगणाऱ्या तीनच गोष्टी उरल्या, सूर्योदय, दुपार आणि सूर्यास्त. टॉरस सामुद्रधुनी ओलांडून पुढं पुन्हा मोकळा समुद्र होता. माणसांचे पाय सुजले होते, काहींची शुद्ध हरपत चालली होती. दोरी आणि तोंडी सेकंद मात्र चालू होते.

१२ जूनला पहाटे तीनच्या सुमारास टिमोर दिसलं. टोफुआ सोडून ४१ दिवस झाले होते आणि लॉगवर भरले होते ३६१८ मैल. थांबे धरूनही रोजची सरासरी ८८ मैल. १४ जूनला कुपांगच्या बंदराबाहेर ते थांबले. होडीतल्या निशाणांच्या तुकड्यांचा इंग्लंडचा झेंडा शिवून घेतला होता, तो वर चढवला आणि परवानगी मिळेपर्यंत ब्लायनं कुणाला उतरू दिलं नाही. नियम म्हणजे नियम.

टोफुआनंतर होडीत एकही माणूस मेला नव्हता. दुर्दैव असं की किनाऱ्यावर पोचल्यावर मरण आलं. वनस्पतीतज्ज्ञ डेव्हिड नेल्सन कुपांगमध्येच तापानं गेला, आणखी काही जण बटाव्हियात आणि परतीच्या वाटेवर. १९ पैकी १२ जण इंग्लंडला पोचले. ब्लाय पोचला मार्च १७९० मध्ये. जहाज गमावल्याबद्दल त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं आणि तो निर्दोष सुटला.

घड्याळ बंडखोरांकडं, चूक नकाशात

आता तिकडं फ्लेचरचं काय झालं, ते ऐका. त्याच्याकडं जहाज होतं, क्रोनोमीटर होतं आणि ब्लायची पुस्तकंही. त्यातल्या एका पुस्तकात पिटकेर्न नावाच्या एकाकी बेटाचं वर्णन होतं. १७६७ मध्ये कॅप्टन कार्टरेटनं ते पाहिलं होतं, पण त्याच्याजवळ क्रोनोमीटर नव्हतं. त्यानं नोंदवलेली जागा खऱ्या जागेपासून तीनशेहून जास्त किलोमीटर सरकलेली होती.

फ्लेचर सांगितलेल्या जागी गेला तर तिथं नुसतं पाणी. शोधत शोधत त्याला बेट सापडलं आणि नकाशा चुकलाय हेही कळलं. लपायला यापेक्षा भारी जागा कुठं मिळणार? जो कुणी नकाशा घेऊन शोधायला येईल तो रिकाम्या समुद्रातच फिरणार. नऊ बंडखोर आणि त्यांच्याबरोबरचे ताहितीकडचे स्त्री-पुरुष जानेवारी १७९० मध्ये तिथं उतरले आणि बाउंटी जाळून टाकली.

ताहितीत मागं राहिलेले १४ जण पकडले गेले. त्यांना आणणारं पँडोरा हे जहाज १७९१ मध्ये त्याच ग्रेट बॅरियर रीफवर आपटून बुडालं. चार कैदी बुडाले, दहा जणांवर खटला चालला आणि १७९२ मध्ये तिघांना फाशी झाली. पिटकेर्नवाल्यांचा पत्ता मात्र १८०८ पर्यंत कुणालाही लागला नाही. त्या वर्षी टोपाझ या अमेरिकन जहाजाचा कॅप्टन मेह्यू फोल्जर तिथं पोचला तेव्हा बंडखोरांपैकी एकटा जॉन अॅडम्स जिवंत होता. बाकीचे बहुतेक आपसांतल्या मारामाऱ्यांत संपले होते. फोल्जरच्या हाती आलं ते के-२. आज ते लंडनच्या ग्रीनिचमधल्या सागरी संग्रहालयात आहे.

पुन्हा नीरफणस, पुन्हा बंड

ब्लायनं १७९२ मध्ये परत ताहिती गाठलं. या वेळी प्रॉव्हिडन्स जहाजातून दोन हजारांहून जास्त रोपं उचलली आणि १७९३ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पोचवली. गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्या गुलामांना सुरुवातीला नीरफणस आवडलाच नाही. पुढं तो तिथल्या जेवणात रुजला. याच सफरीवर मॅथ्यू फ्लिंडर्स नावाचा एक तरुण ब्लायच्या हाताखाली शिकत होता. त्यानंच पुढं ऑस्ट्रेलियाला वळसा घालून तिचा नकाशा काढला.

मग १७९७ ची कॅम्परडाउनची लढाई, १८०१ मध्ये नेल्सनच्या हाताखाली कोपनहेगनची लढाई. त्याच वर्षी रॉयल सोसायटीनं सदस्यत्व दिलं. डब्लिनच्या खाडीचा सर्व्हेही त्यानं केला. १८०५ मध्ये मात्र पुन्हा कोर्ट मार्शल, या वेळी कारण होतं हाताखालच्या अधिकाऱ्याला शिवीगाळ. जरा तोंड सांभाळा अशी समज देऊन त्याला सोडलं.

एवढं होऊनही सरकारनं त्याला १८०६ मध्ये न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर करून पाठवलं. तिथं लष्करी अधिकाऱ्यांचा रमच्या धंद्यावर कब्जा होता. ब्लायनं तो मोडायला घेतला, अर्थात त्याच्याच पद्धतीनं, सगळ्यांशी एकदम वाकडं घेऊन. २६ जानेवारी १८०८ ला सैनिकांनी सिडनीतल्या त्याच्या घरावर चालून जाऊन त्याला अटक केली. एकाच माणसाच्या खात्यात दोन बंडं. इंग्लंडला परतल्यावर त्याला बढती मिळाली आणि अटक करणाऱ्या मेजर जॉन्स्टनला लष्करातून काढलं.

१८०२ मध्ये एडवर्ड मॅसी या घड्याळाच्या कारागिरानं नव्या प्रकारच्या लॉगचं पेटंट घेतलं होतं. जहाजामागं पाण्यात फिरणारा पंखा आणि त्याच्या फेऱ्या मोजणाऱ्या तबकड्या, म्हणजे किती मैल झाले ते थेट वाचायचं. पुढं अशीच यंत्रं सुधारत गेली, तरी गाठींची दोरी जहाजांवर बराच काळ टिकून राहिली.

ब्लाय ७ डिसेंबर १८१७ ला लंडनमध्ये वारला, व्हाइस अॅडमिरल म्हणून. त्याची कबर लॅम्बेथच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात आहे. त्या चर्चमध्ये आता बागकामाचं संग्रहालय आहे.

होडीत तो ज्या छोट्या वहीत रोजच्या नोंदी लिहायचा, तीही शिल्लक आहे. मुळात ती थॉमस हेवर्ड या मिडशिपमनची वही होती. ती आता कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवली आहे. तिच्यात होडीच्या प्रवासाच्या कच्च्या नोंदी आहेत आणि बंडखोरांची यादीही. एकेकाचं वय, उंची, रंग, अंगावरची गोंदणं, सगळं मापात लिहिलेलं.